आई आत, किल्ली माझ्या हातात

अण्णा, यंदा भात झोडताना कडावच्या खळ्यावर आईच्या पायाला घोणस चावली. भर दुपारची वेळ. तिला कसंबसं गाडीत पुढे बसवलं, किल्ली फिरवली, तर गाडीत जीवच नाही. बॅटरी पार उतरलेली. आठवड्याच्या सुरुवातीला अवकाळी पावसाच्या भीतीनं मी भाताची पोती मागच्या सीटवर कोंबली होती, तेव्हापासून गाडी उभीच होती. शेजारच्या काकांनी ट्रॅक्टर आणून वायरी जोडल्या आणि गाडीचा चोर पकडायचा भोंगा बोंबलायला लागला. इंजिन सुरू व्हायचं आणि दोन सेकंदांत गप्प. समोर लाल दिवा लुकलुकत होता. तुमच्या वेळी हे नव्हतं. आताच्या गाड्या किल्ली ओळखली नाही तर मालकालाही चोर समजून इंजिन अडवतात. भोंग्यानं अख्खी आळी गोळा झाली. "भगताकडं न्या गं इख उतरवायला, जवळ हाय," एक काकी म्हणाली. आईचा पाय घोट्याच्या वर सुजत चालला होता. मी नुसती किल्ली पिळत होते. ही आता माझ्यासमोर जाणार, एवढंच डोक्यात होतं.

मोहोपाड्याच्या कारखान्याची तुम्ही चालवायचात ती बस बंद पडली की तुम्ही खाली उतरायचात, तुमचं दार किल्लीनं लावायचात, बसभोवती एक फेरी मारायचात आणि सकाळी पहिल्यांदाच आल्यासारखे परत चढायचात. कामगार हसायचे. मी घरी तुमची नक्कल करायचे. तुम्ही मला गाडी शिकवत होतात आणि मी असाच स्टार्टर मारत राहिले, तेव्हा हातावर फटका बसला होता. "हात मागं घे गं. घाबरल्या हातानं काय व्हत नाय. पयल्यापासनं कर."

मी हात मागे घेते. उतरते. पोत्यांमुळे मागचं दार जरासं उघडंच राहिलंय, ते ढकलून लावते. मग बाहेरून किल्लीनं कुलूप लावते. आई आत आहे. ती काचेवर पंजा टेकते. "मला कोंडतीस काय गं?" भोंग्यात आवाज येत नाही, ओठांवरून कळतं. मी गाडीभोवती फेरी मारते. कुलूप उघडते, भोंगा थांबतो. बसते. लाल दिवा विझतो आणि इंजिन धरतं.

कर्जतला वेळेत इंजेक्शनं मिळाली. आई लंगडते, पण आहे. सगळ्यांना सांगत सुटते, लेक बापावर गेलीय, तिला गाडीतलं सगळं कळतं. मेकॅनिक नंतर म्हणाला, बॅटरी उतरल्यावर या गाडीला असं कुलूप लावून उघडावंच लागतं. मला कुठलं ठाऊक, अण्णा. मी घाबरून तुमची नक्कल केली, बस.

अजून गाडी लावली की चारही दारं दोनदा ओढून बघते. त्या अर्धवट दारामुळे आतला दिवा चार दिवस जळत राहिला, बॅटरी त्यानं उतरली. ते दार मी लावलं होतं. हा कागद तुमच्या फोटोमागे ठेवणार होते. पण तिथली धूळ आई रोज पुसते, आणि तिला मी हे अजून सांगितलेलं नाही.