खिडकीजवळचं टेबल

अहो,

वेटरला बोलवायला वर केलेला हात मी खाली घेतलाच नाही. तीनदा तो न बघता पुढे गेला. सूप गार होतं, एवढंच. पण तेहतीस वर्षं सगळ्यांचं झाल्यावर गारच जेवणारी मी, ते परत पाठवायला निघाले होते.

बसतानाच त्याचं-माझं वाजलं होतं. "आजी, अजून कोण यायचंय?"

"कोणी नाही."

"मग आत बेसिनजवळ बसा ना. खिडकीची टेबलं फॅमिलीसाठी आहेत."

"आज मीच फॅमिली," म्हणाले आणि बसले.

मी निघताना तुम्ही म्हणाला होतात, तुला एकटीला जमणार नाही, खोलीवरच मागवून खा.

चौथ्यांदा तो थांबला. "हे गार आहे. गरम करून आणा." आवाज जरा मोठाच निघाला, शेजारचे लोक वळून बघायला लागले. तो वाटी घेऊन गेला. पुढचं सगळं जेवण माझ्यासमोर वाफाळत आलं. मी सावकाश जेवले. कोणाला काय हवं-नको ते बघायला एकदाही उठले नाही.

तुमचा गुडघा कसा आहे? शेजारच्या वहिनी डबा वेळेवर देतात ना? भात निवला असेल तर पाण्याचा हबका मारून झाकण ठेवा, मंद गॅसवर.

स्वतःची काळजी घ्या, माझी नको.

तुमची,
मी

ता. क. पत्र काल टाकायचं राहिलं. आज सकाळी खाली जाऊन मी खोली आणखी दोन दिवसांसाठी घेतली.