मुठीत बसेल असा चाकू

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी

पाटावर हातोडा, होकायंत्र, भिंग आणि जंगलातला चाकू मांडला. भूगर्भशास्त्र शिकवून निवृत्त झालो तरी हत्यारं तीच. कुंकू वाहताना उजवा हात असा हलला की निम्मं पाटाखाली सांडलं. शैलानं फडक्यानं मुकाट पुसून घेतलं. बायको बोलली असती तर बरं वाटलं असतं, गप्प राहिली म्हणून जास्त झोंबलं.

पार्किन्सन. लिहून बघितला एकदाचा. कोठी भागातल्या डॉक्टरांनी सांगितल्यापासून हा शब्द वहीत आणला नव्हता. अक्षर बारीक होत जाईल म्हणाले होते, होतंय. घरात शै. आणि पुण्याची लेक मृणाल, दोघींनाच माहीत. माझा दोस्त श्रीनिवास, त्यालाही नाही सांगितलेलं. सांगणारही नाही.

डिसेंबरात जंगल आहे. दर वर्षी आम्ही चौघं जातो. श्रीनिवास, मी, आणि डिपार्टमेंटातले दोघं. तंबू त्यांचे, जाळ आणि स्वैपाक माझा. कुणी ठरवलं नव्हतं, पडत गेलं तसं. यंदाही माझाच.

४ ऑक्टोबर, शनिवार

गॅलरीत बसून जुन्या चाकूनं झाडूच्या दांड्याची ढलपी काढून बघितली. मूठ शिसवी, वापरून वापरून गुळगुळीत झालेली, आणि बारीक. दोनदा फिरली हातात. तिसऱ्यांदा चाकू खालच्या रावांच्या गॅलरीत. नशीब तिथे कुणी कपडे वाळत घालत नव्हतं. रावबाई वर घेऊन आल्या, "अय्यो, सार, ये आपकाच है क्या?" हौ, म्हटलं, माझाच.

दुसरा आहे तो घडीचा. तो नकोच. बोटांचा भरवसा नाही अशा माणसानं मिटणारा चाकू वापरणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. पातं मुठीत पक्कं पाहिजे, न मिटणारं. मूठ जाड, धरल्यावर न फिरणारी. पुढे बोट पात्यावर घसरू नये म्हणून आडवा उंचवटा. एकच चाकू, कांदा ते सरपण सगळ्याला चालणारा. असा मिळाला तर डिसेंबर निभेल.

११ ऑक्टोबर, शनिवार

कोठीला डॉक्टरांकडे. तिथून बेगम बाजार, चाकू बघायला. पायांचे तुकडे.

सगळीकडे किचनचे चाकू, नाहीतर खाटकाचे. एका दुकानदारानं हातभर सुरा काढून ठेवला. "बकरा काटना है ना सार?" म्हटलं, नक्को, लकडी छिलनेकू होना. तो माझ्या हाताकडे बघत राहिला. मी हात खिशात घातला. "घर में कोई जवान बच्चा है तो उसकू भेजो सार, वो देख लेगा." वाईट बोलला नाही बिचारा. पण तिथून जे निघालो ते मागे न बघता.

इराणी हॉटेलपाशी थांबलो. चहाची तल्लफ होती. आत गेलो नाही. तिथली बशी माझ्या हातात वाजते, सगळं हॉटेल वळून बघतं.

१३ ऑक्टोबर, सोमवार

मृणालचा फोन. "बाबा, ऑनलाइन बघा ना, रिव्ह्यूज वाचा. आणि खरं सांगू? चाकू कशाला? कुणीतरी कापून देईलच की."

देईलच की! आयुष्यभर पोरांना सांगत आलो, खडक स्वतः फोडून बघा. आता मला सगळं फोडलेलं, सोललेलं, चिरलेलं मिळणार. पपईसारखं. फोन शै.कडे दिला.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

दिवाळी झाली. काय झाली ते विचारू नका. फुलबाजी धरता आली नाही.

ऑनलाइनचा पहिला आला. पाठीला करवतीचे दात, मुठीत होकायंत्र, काळा कुळकुळीत. सिनेमातल्या गुंडाला शोभेल. वजन एवढं की मनगट लगेच गळालं. नाकापेक्षा मोती जड. परत पाठवला. शै. म्हणाली, "बरं झालं गेला ते ध्यान."

२ नोव्हेंबर, रविवार

दुसरा आला. हा बरोबर आहे!

पातं वीतभरापेक्षा कमी, मुठीच्या शेवटापर्यंत आरपार गेलेलं. पाठ सपाट, लाकूड चिरताना वरून सोट्यानं ठोकता येईल. मूठ रबरी, जाड, माझ्या तळव्यात भरते. म्यानात घातला की टक्क आवाज करून बसतो. साधं लोखंडी पातं, गंज चढतो, तेल लावावं लागेल. लावीन.

सकाळच्या गोळीनंतर तास-दीड तास हात माझा असतो. तेवढ्यात कांदा चिरला, बटाटे सोलले, सुतळी कापली, पेटीच्या फळीची कुरळी ढलपी काढली. एकदाही फिरला नाही. शै.ला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, "छान आहे हो," आणि डोळे पुसत आत गेली. तिला काय झालं कुणास ठाऊक. मला कळलं होतं, पण आज मला रडायचं नव्हतं.

९ नोव्हेंबर, रविवार

श्रीनिवासकडे गेलो, विद्यानगरला. डिसेंबरची यादी करायला. चाकू पिशवीत होता, दाखवायचा म्हणून.

यादी नाहीच. रिसॉर्ट बुक झालंय. कॉटेज, गरम पाणी, बुफे. बाकीचे दोघंही होते तिथे. कुणी माझ्याकडे बघेना. मी विचारलं, आणि जंगल? श्रीनिवास म्हणाला, "तुम्हारे वास्तेच किया यारो. दसऱ्याला जम्मीची पानं, तुमचं सोनं, देताना तुझा हात बघितला मी. बायकोचे मामा तसेच होते. तू बोलला नाहीस, हम भी नहीं पूछे."

म्हणजे महिनाभर सगळ्यांना ठाऊक. आणि मी मूर्ख, खिशात हात घालून हिंडतोय.

काय काय बोललो ते सगळं आठवत नाही. "मला पांगळा करून बुफेच्या रांगेत उभं करता काय?" एवढं आठवतं. पिशवी उघडलीच नाही. वहिनींनी केलेला चहा तसाच राहिला.

१० नोव्हेंबर, सोमवार

दिवसभर पडून. गोळी घेतली, हात नीट झाला, आणि नीट हाताचं करायचं काय ते कळेना. चाकूला तेलही लावलं नाही. गंजू दे.

१६ नोव्हेंबर, रविवार

श्रीनिवास आला. स्वतः, बंडी म्हणजे त्याची स्कूटर चालवत, जांबाची पिशवी घेऊन. शै.नं दार उघडलं म्हणून, नाहीतर मी उघडलं नसतं.

पिशवी टीपॉयवर ठेवली. मग म्हणाला, एक सच बोलू? मी म्हटलं बोल.

"तुझा हात बहाना आहे रे. माझे गुडघे गेले. एकाला रात्री चारदा उठावं लागतं, अंधारात झाडामागे जायचं म्हणजे त्याचा जीव जातो. दुसऱ्याच्या बायकोनं दोन वर्षांमागेच सांगितलंय, बस्स. आम्ही तिघं तीन वर्षं रिसॉर्टच बोलतोय. तुझ्यासमोर हिंमत नव्हती. तुझा हात बघितला आणि..."

मी म्हटलं, आणि सुटलो वाटलं?

"हौ," म्हणाला. "माफ कर."

मारायला उठावं की गळ्यात पडावं? दोन्ही केलं नाही. त्याला गुडघ्यांना धरून सोफ्यावरून उठताना बघितलं. खरंच गेलेत.

तर तीन वर्षं मी एकटाच जंगलात जात होतो. बाकीचे माझ्यासोबत येत होते. याच्यापेक्षा त्या दुकानदाराचं बोलणं बरं होतं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

एकटा जाईन. एक रात्र तरी. शै.ला सांगितलं. "तुम्ही? एकटे? डोकं फिरलंय काय?" मग भांडी घासताना, पाठ करून, "आधी इथे करून दाखवा. मी बघते. मग बोलू."

२३ नोव्हेंबर, रविवार

मी तिला कापलं.

नीट लिहितो.

सकाळी गोळी घेतली आणि युनिव्हर्सिटीमागच्या खडकांकडे गेलो, दोघं. ग्रॅनाइट, त्यात मध्ये सपाट जागा. तिथे मुलांना घेऊन बसायचो. शै. शाल पांघरून दगडावर. "आटपा लवकर, ऊन चढेल." खूश होती. मीही होतो, लपवत कशाला.

काटक्या गोळा केल्या. ढलपी चांगली निघाली. मग जाड फांदी चिरायला घेतली. ती एका अंगाला कलायला लागली. शै.नं बघितलं आणि हात पुढे केला, धरायला. घरात कुणीही करेल तसं. मी बघितलं तिचा हात येताना. थांब म्हटलं, हाताला. माझ्या हाताला. तो थांबलाच नाही. निरोप पोचायला वेळ लागला. चाकू खाली आला तो आलाच, फांदीवरून तिच्या अंगठ्याशेजारच्या बोटावर.

इतके दिवस मी थरथरीचा विचार करत होतो. जाड मूठ, उंचवटा, रबर. थरथरीनं काही केलं नाही. हात उशिरा ऐकतो, त्यानं केलं. त्याला कुठली मूठ आणू?

"काही नाही झालं, काही नाही झालं," ती म्हणत होती, मला. रक्त तिचं, आणि समजूत माझी. रुमाल मला बांधता येईना. तिनं दातांनी गाठ मारली. रिक्षात मी तिचा हात धरला तर माझाच हलायला लागला, म्हणून सोडला.

टाके पडले. धार चांगली होती म्हणून जखम सरळ आहे, डॉक्टर म्हणाले.

२४ नोव्हेंबर, सोमवार

चाकू पुसून म्यानात घातला आणि कपाटावर ठेवला. फेकवत नाही.

मला आता लखलखीत कळलंय. एकटा असलो तर तो चाकू ठीक आहे. माणूस जवळ असलं की नाही. आणि मी तो घेतला होता माणसांसाठी. जाळ करायचा तो चार जणांनी भोवती बसावं म्हणून. एकट्यानं जाळ करून काय करू, कप्पाळ?

शै.नं आज एका हातानं भाकऱ्या थापायचा प्रयत्न केला. मी थापतो म्हटलं. माझी भाकरी काठाला फाटली. दोघांनी खाल्ली.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

श्रीनिवासचा फोन. त्याला शै.नं सगळं सांगितलंय.

म्हणाला, रिसॉर्टच्या मागे मोकळी जागा आहे, मॅनेजरशी बोललोय, एक संध्याकाळ जाळ करू. "तू कर. तुझा चाकू आण. हम दूर बैठते, एम् कादु." काही होत नाही म्हणे! दूर बसणार. मी लहान मूल, आणि ही माझी भातुकली. तिघं म्हातारे लांब खुर्च्या टाकून वाट बघणार, याची काटकी एकदा चिरून होऊ दे म्हणून.

"सांगतो," म्हटलं आणि ठेवला.

राग आला. पण मघापासून डोक्यात तेच चाललंय, ओलं लाकूड असेल तर काय करायचं, साल काढून आतलं कोरडं घ्यावं लागेल. मेलं हे मन.

४ डिसेंबर, गुरुवार

टाके काढले. बोट वाकवताना दुखतं तिला. ती सांगत नाही, मी बघतो.

जाणार नाही असं सकाळी सांगितलं. ती म्हणाली, "का?" मी म्हटलं, तुझं बोट बघ की. ती चिडली. लग्नापासून एवढी चिडलेली बघितली नव्हती. "माझं बोट माझ्याकडे आहे, मी बघून घेईन. तुम्ही महिनाभर त्या चाकूपायी का होईना, सकाळी उठत होता. दाढी करत होता. आता परत भिंतीकडे तोंड करून पडाल. मला त्याची भीती वाटते, समजलं? चाकूची नाही वाटत. मला एकटीला ह्या घरात तुमच्या पाठीशी बोलत बसायचं नाही."

मी म्हटलं, आणि आणखी कुणाला लागलं तर? तिनं खोटं उत्तर दिलं नाही, एवढं बरं केलं.

दुपारी बॅग भरली. तिनं भरली, श्रीनिवासला येतो म्हणून तिनंच कळवलं. चाकू घातलाय का ते मी विचारलं नाही, बघितलंही नाही.

५ डिसेंबर, शुक्रवार

सकाळची गोळी घेतली. आंघोळ, दाढी. हनुवटीखाली थोडी राहिली.

मृणालचा मेसेज, एंजॉय बाबा, खाली नाचणारी माकडं.

गेलो तर रात्री जाळ. त्यांचे चेहरे. कुणीतरी विसरून पुढे होईल, लाकूड सरकवायला, शै. झाली होती तशीच. माणसाचा हात तसाच पुढे येतो, त्याला सांगून थांबवता येत नाही. नाही गेलो तर ही गॅलरी. आज, उद्या, पुढची किती वर्षं. दोन्ही डोळ्यांसमोर दिसतंय आणि दोन्हीकडे जाववत नाही.

बूट घातलेत. नाडी शै.नं बांधली, दुखऱ्या बोटानं.

खाली गाडी आली. श्रीनिवास हॉर्न देतोय, पूर्वी पहाटे द्यायचा तसा, लांबलचक, सगळी कॉलनी उठेल असा. शै. गॅलरीतून वाकून ओरडतेय, "आ रहे, आ रहे!"

मी अजून काही ठरवलेलं नाही.