उसवलेली बाही

प्रिय कातरबाई,

सात मार्च, शुक्रवार, दुपारी चार वाजून दहा मिनिटं. विसरलेली छत्री घ्यायला मी शिवणघरात परत आले आणि दारातच थबकले. मी सकाळी शिवलेल्या काळ्या कोटाची बाही तू उसवत होतीस. इस्त्रीवाले काका दिवा धरून उभे होते. दोघांचं काम असं सराईत चाललं होतं, की हे रोजचंच आहे हे आंधळ्यालाही कळावं. मला कळलं.

नाटकांचे कपडे शिवणाऱ्या आपल्या त्या खोलीत एकच नियम होता आणि तो तूच घातलास. एकानं दुसऱ्याची चूक तोंडावर सांगायची आणि ज्याची शिवण त्यानंच उसवायची. पहिल्याच आठवड्यात माझी कॉलर टेबलावर आपटून तू विचारलंस, तुझ्या कॉन्व्हेंटात सरळ शिवायला नाही का गं शिकवत? मी म्हटलं, आधी सरळ काप, मग बोल. काका हसून बेजार. त्या भांडणांवर आपलं सगळं काम उभं होतं. भर प्रयोगात एखाद्या राजाची शिवण उसवली नाही ती त्यामुळेच.

मग शेवटच्या वर्षी तू एवढी गोड का झालीस? मस्त झालंय गं, म्हणायचीस. काळ्या कापडावर काळा दोरा मला दिसेनासा झाला होता आणि मी बल्बला नावं ठेवत होते. तुम्ही दोघं किती एकजुटीनं सावरत होतात! फक्त त्या एकजुटीत मी नव्हते. तू ओरडली असतीस, तर चार दिवस फुगून बसले असते आणि मग पांढरं काम मागून घेतलं असतं. तू माझी कीव केलीस. मी छत्रीही न घेता परतले आणि महिन्याभरात निवृत्ती घेतली. निरोपाला तू रडत होतीस. मी तुझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते राहून राहून खुपतं.

आता मुद्द्याचं. येत्या सोमवारी माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन आहे. दिसायला लागलं की पहिली काळी बाही शिवून तुझ्याकडे पाठवीन. वाकडी असली तर माझ्या अंगावर फेक, स्वतः उसवू नकोस. कबूल आहे का, ते शनिवारी संध्याकाळी पाचच्या आत लेखी कळव. फोनवर तू पुन्हा गोड बोलशील. आणि अक्षर मोठं काढ. तुझं पत्र दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यायची माझी तयारी नाही.

तुझीच भांडकुदळ,
शिवणवाली