ब्रेक खोडलेलं ड्रॉइंग

४ मार्च

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

तुमच्या शब्दावर तुमच्या मित्राने मला नोकरी दिली, म्हणून हे तुम्हाला माझ्याकडूनच कळावं. आज मी माझ्याच ड्रॉइंगवर सही करायला नकार दिला.

म्हाताऱ्या माणसांना जिना चढवणारी खुर्ची आम्ही करतोय. मोटर सुसाट फिरते. तिचा वेग उतरवून जोर वाढवणारा गिअरबॉक्स माझा. आधीच्या नमुन्यातला स्क्रूसारख्या आट्यांचा वर्म गिअर वजनाने उलटा फिरत नसे, पण बॅटरी खाऊन टाकायचा. मी तिरप्या दात्यांचे गिअर तीन टप्प्यांत बसवले. खुर्ची आता कशी अलगद चढते! मात्र हे गिअर वजनाने उलटे फिरतात, म्हणून बॅटरीची वीज तुटताच मोटर जखडणारा ब्रेक हवाच. मालकांनी तोच खोडला. म्हणाले, बॅटरी काय रोज बंद पडते?

मामीला सांगा, मी वेळेवर जेवते. हे वाचूनही लोभ उरला तर कळवा.

तुमची,
भिंगरी

९ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

लहानपणी खेळणी उघडून बसायचीस, तेव्हाच ओळखायला हवं होतं. अगं, मालक तो आहे. कुठे काय बसवायचं हे तो बघेल. सही करून मोकळी हो आणि उलट बोलली असशील तर माफी माग. मी तुझ्यासाठी शब्द टाकलाय, माझ्या तोंडाला काळं फासू नकोस. मामी म्हणते, पोरीचं ऐकून तरी घ्या. तिचं हे नेहमीचंच.

रागावलो आहे, पण तुझाच,
मामा

१७ मार्च

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

अक्षर माझ्या खोलीतल्या मैत्रिणीचं आहे. माझं उजवं मनगट मोडलंय. घाबरू नका.

काल गिऱ्हाइकं खुर्ची बघायला आली. तिला ब्रेक नव्हताच, तरी मालक सांगत होते, एकदम सुरक्षित. मी खुर्चीत बसले आणि अर्ध्या जिन्यावर स्वतःच बॅटरीची वायर उपटली. खुर्ची आधी हळू घसरली, मग सुटलीच. खाली भिंतीवर आदळले. गिऱ्हाइकं निघून गेली. आज मालकांचा निरोप आलाय: ब्रेक बसवतो, पण सगळ्यांसमोर माफी माग, मगच कामावर ये.

मी माफी मागणार नाही. तुमची मैत्री तुटली तर मला वाईट वाटेल, तरीही नाही. मैत्रीण म्हणते, जरा सौम्य लिहू का. मी म्हटलं, सांगते तसंच लिही.

रागवा, पण परकी करू नका.

भिंगरी

२१ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळताच न कळवता तुझ्या कारखान्यात जाऊन आलो. मालक चहा मागवत होता. मी आधी जिना बघितला. खाली भिंतीचा गिलावा उडालाय, आत विटा दिसतात. त्या खड्ड्यात माझी मूठ मावली. चहा घेतला नाही.

त्याला एवढंच म्हटलं, की माफी मागायचीच असेल तर तू माग, माझ्या भाचीची. तो म्हणाला, माफीचं राहू दे, तिला पाठव. मी म्हटलं, ती काही माझ्या पाठवण्याने येणारी नाही.

तेव्हा जायचं की नाही, तू ठरव. मामी हात शेकायला तिकडे यायला निघाली आहे, तिला अडवणं माझ्या आवाक्यातलं नाही. आणि गेलीसच, तर ड्रॉइंगवर ब्रेक दिसल्याशिवाय पेनाचं टोपणसुद्धा काढू नकोस.

तुझा,
मामा