समजूत काढणारी पोरगी

बाबा,

काल लग्नात पुन्हा एका बाईंनी मला विचारलं, "तुम्ही नेमकं काय करता?" मी "जनसंपर्क" म्हणाले. बाई कसनुसं हसल्या आणि जिलेबीकडे वळल्या. इतकी वर्षं झाली, मला ते अजून धड सांगता येत नाही, आणि आता सांगायचा कंटाळाच येतो.

तुम्हाला सांगायचा प्रयत्न मात्र मी जिवापाड केला. अकोल्याच्या आपल्या फुलांच्या दुकानात तुम्ही हार ओवताय, मी ओल्या गोणपाटावर बसून शेवंतीचे देठ खुडतेय. बियाणे कंपनीतली माझी नवी नोकरी. "पेपरात छापते काय तू?" "नाही बाबा, छापतात पेपरवाले. मी त्यांना माहिती देते." "मंग जाहिरात करते." "जाहिरातीला पैसे पडतात, बातमीला नाही." "म्हंजे फुकटची जाहिरात!" मी चिडले. म्हटलं, कंपनीबद्दल लोकांचा गैरसमज झाला की तो मी दूर करते. तुम्ही दातानं दोरा तोडलात आणि त्या दिवसापासून गिऱ्हाइकांना ऐटीत सांगायला लागलात, "माही पोरगी लोकायची समजूत काढते."

दिवस कसे होते ते तुम्हाला ठाऊक आहे. रोज कुठल्या ना कुठल्या शेतकऱ्याची आत्महत्या, पेपर उघडायची भीती वाटायची. तुमचं ऐकून लोकांना वाटलं, कंपनीनं दुखवट्याच्या घरी जाऊन बसायला बाई ठेवली आहे. अशीच हिवरखेडची एक म्हातारी दुकानात आली. तिच्या मुलाचं तिथे बियाण्यांचं दुकान. त्यानं गावाला आमच्या कंपनीचं बियाणं विकलं, ते उगवलंच नाही. गावानं त्याच्याशी बोलणं टाकलं, मग त्यानंही तोंड मिटलं, घरातही बोलेना. "भाऊ, तुमच्या पोरीले म्हना, माह्या पोराची समजूत काढून दे." तुम्ही मला न विचारता हो म्हणून मोकळे. मी केवढी भांडले! ते माझं काम नाही, म्हणाले. "मंग कोनाचं हाय?" एवढंच तुम्ही विचारलंत. त्या प्रश्नाचा मला अजूनही राग येतो.

शेवटी मी हिवरखेडला गेले. अर्ध्या शटरखाली तो बसलेला. भिंतीवर पेपरातलं कात्रण चिकटवलेलं, आमच्या बियाण्याची उगवण किती चांगली ते सांगणारं. शब्द न शब्द मी लिहून दिलेला. बोलायला तोंड उघडलं तर एक वाक्य सापडेना. रडूच आलं. त्यानं पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. "ताई, तुमी कंपनीतल्या काय?" मी म्हणाले, "फुलवाल्याची पोरगी." तो म्हणाला, "रडू नका. उपाशी दिसता. जेवल्या काय?" त्याचा आवाज ऐकून आतून म्हातारी धावत आली.

नोकरी मी सोडली नाही. पुढे कंपन्या बदलल्या, वाक्यं तीच राहिली. थकले आहे, बाबा.

त्या संध्याकाळी तुम्ही विचारलंत, "काढली काय समजूत?" मी हो म्हणाले, आणि तुम्ही ते शेवटपर्यंत सगळ्यांना सांगत राहिलात. म्हणून आज तुम्ही हयात असतात तरी हे पत्र मी पाठवलं नसतं. समजूत त्यानं माझी काढली होती.