अण्णांच्या गाडीची धाव

बेंबळी

प्रिय कृष्णा,

'प्रिय' हे सवयीनं लिहून गेले. खरं तर दिवाळीपासून तुझं नाव निघालं की शिसारी येते. फोनवर तू "ताई, ऐक ना" म्हणत मध्येच साखर पेरतोस, म्हणून कागद घेतलाय.

दिवाळीला तू आलास आणि अण्णांच्या गाडीला रुंद, चकचकीत टायर आणि अलॉयची चाकं चढवून गेलास. मला तेव्हाच किळस आली होती. साठ सालातली ती विलायती, उघडी, दोन माणसांची गाडी. तारांची नाजूक चाकं काढून तू तिला हे लठ्ठ बूट घातलेस. नऊवारी नेसलेल्या बाईच्या पायात गमबूट घालावेत तसं ते ध्यान दिसतं, शिवाय वळताना मडगार्डला घासतं. गाढवाला गुळाची चव काय! पण म्हटलं, तुझी हौस.

द्राक्षाला भाव आला त्या साली गावानं ट्रॅक्टर घेतले आणि अण्णांनी सोलापूरच्या एका डॉक्टरची ही मोडकी गाडी ट्रॉलीत घालून आणली, आठवतं? आई म्हणाली होती, "दोगांचीच जागा, मग लेकरं काय टपावर बसवायची? टप तर न्हाय." मी आईच्या मांडीवर आणि तू माझ्या, असे आपण तुळजापूरला जायचो. अण्णा टायरला टायर कधी म्हणालेच नाहीत. बैलगाडीच्या चाकावरच्या लोखंडी पट्टीला म्हणतात तसं धावच म्हणायचे.

काचबिंदूनं दृष्टी गेल्यापासून ते रोज सकाळी भिंत धरून शेडपर्यंत जातात आणि चारही धावांवरून हात फिरवतात. तू पुण्याला गेलास त्या सकाळी त्यांनी एका धावेवरून हात फिरवला, मग दुसऱ्या. मग म्हणाले, "शिवे, ही कुणाची गाडी आणून लावली? माझी इकली व्हय?" मी शपथा घातल्या. त्यांचा हात धरून स्टिअरिंगवर ठेवला, तो त्यांनी ओढून घेतला. "आंधळ्याला फसवू नगं," म्हणाले. त्या दिवसापासून शेडकडे फिरकले नाहीत. जेवणही निम्म्यावर आलं.

हे तुला कळवलं तेव्हा तू म्हणालास, "बरंच झालं की! त्यांना ओळखूच येत नाही, तर विकून टाकू. गिऱ्हाईक आहे माझ्याकडं." म्हणजे ती हौस नव्हतीच, गिऱ्हाइकासाठी नटवली होतीस तिला. थू तुझ्या जिनगानीवर!

मग मी पेटले. जुने टायर तू भंगारात घातले होतेस. गोठ्यामागं फेकलेली तारांची चाकं तेवढी घासूनपुसून धाराशिवला नेली. एक दुकानदार म्हणाला, जीपचे टायर बसवू. दुसऱ्यानं पांढऱ्या पट्ट्याचे दाखवले, वरातीच्या घोड्याला शोभतील असे. तिसरा म्हणाला, नव्या बांधणीचे रेडियल घ्या, पकड चांगली. त्याचं खरं होतं, पण आपल्या गाडीला ते कधीच नव्हते. आईचा गाडीला टेकून काढलेला फोटो आहे ना, त्यात तिच्या पायाशी धाव स्पष्ट दिसते. अरुंद, उंच, मधोमध सरळ रेघांची. तसेच जुन्या बांधणीचे नायलॉनचे टायर शोधत राहिले आणि शेवटी जुन्या गाड्यांचं सामान विकणाऱ्या एकाकडून मागवले.

काल ते टायर गाडीला बसले. अण्णांना जवळजवळ ओढतच नेलं. बोटं रेघांवरून गेली, मागं आली, पुन्हा गेली. मग खाली बसून दोन्ही हातांनी धाव चाचपली. "आली गं माझी," म्हणाले. मी रडले. मनात आलं, आता तुला मनसोक्त शिव्या देणारं पत्र लिहावं.

त्या देऊन झाल्या, पण पत्र त्यासाठी नाही. तुझं गिऱ्हाइकाचं बोलणं मी अण्णांना सांगितलेलं नाही. काल चहा पिता पिता ते म्हणाले, "किस्नाला लिही. गाडी गेली म्हणून लई जिवाला लागलं हुतं, आता पोराला काय द्यायचं म्हणून. त्याच्यासाठीच ठिवली हाय. येऊन घेऊन जा म्हणावं, माझ्या हातानं किल्ली देतो." त्यांनी सांगितलं म्हणून लिहिलं. तेव्हा ये. तुझे टायर गोठ्यामागं पडलेत, ते उचल. आणि गाडी विकायचीच असेल, तर किल्ली घेताना त्यांना तूच सांग. माझ्याच्यानं होणार नाही.

अजून तरी तुझीच,
शिवाताई