बारसं अंगणातच

फलटण, रविवार, दिवेलागण

बाळ झोपलंय तोवर लिहून घेते. माझी पगारी रजा संपली. पुढचे तीन महिने बिनपगारी, घर एकट्या सुहासच्या पगारावर. म्हणून आज सासूबाईंना धीर करून सांगितलं, बारशाला हॉल नको, अंगणातच करू.

"थोरल्या सुनेच्या पोराचं हॉलात झालं न्हवं? लोक काय म्हणतील?" एवढं बोलून त्या आत निघून गेल्या. मी चुकले का? दुपारभर तो हॉलच डोक्यात. सुहास म्हणाला, थोडे उसने घेऊ. मी नाही म्हटलं. उसन्या पैशांचा थाट माझ्या लेकीला नकोच.

आणि आत्ता शेजारच्या काकू ओट्यावर येऊन विचारतात, "हॉल कुठला घेतलाय?" आत मी पाळणा हलवता हलवता थांबले. पण सासूबाईच ठणकावून म्हणाल्या, "हॉल कशाला? आमचं अंगण काय बारकं हाय व्हय? सूनबाईनं ठरवलंय. तिला घर चालवायचं लय नीट कळतं."

मी पाळण्याची दोरी धरून तशीच उभी राहिले. हसूही येत होतं, डोळेही भरले. पहिला पगार हातात आला तेव्हासुद्धा स्वतःचा इतका अभिमान वाटला नव्हता.